कॅराव्हॅन घेऊन जाल, पण टाकी कुठे रिकामी कराल?

तुमच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेली अशी एक तरी रील असणारच. घनदाट जंगल, मधोमध मोकळी जागा, गाडीमागे जोडलेलं पांढरं छोटं घर, दारात घडीची खुर्ची आणि हातात कॉफीचा मग. खाली कॅप्शन, 'ऑफ-ग्रिड लाइफ'. म्हणजे विजेची तार नाही, नळ नाही, नेटवर्क नाही, शेजारी नाही. सेमिस्टर संपत आली की ही रील कुणीतरी ग्रुपवर टाकतं, खाली पंधरा जण 'चला की' लिहितात आणि मग प्रश्न येतो, सोलापुरातून जायचं कुठे?

उत्तरंही ठरलेली असतात. कुणी म्हणतं उजनीच्या काठाला, कुणी म्हणतं नान्नजच्या माळावर, कुणी म्हणतं, "मामाचं शेत आहे बे, तिथंच टाकू तंबू."

हा विषय नुसता सुट्टीच्या प्लॅनचा राहिलेला नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. केरळनेही त्याच वर्षी आपलं धोरण जाहीर केलं आणि २०२२ मध्ये तिथे वागमोनला पहिलं कॅराव्हॅन पार्क सुरूही झालं. आपल्या जिल्ह्यासाठी राज्याने मंजूर केलेला एकात्मिक पर्यटन आराखडा सुमारे २८२ कोटींचा आहे. त्यातले सुमारे १९० कोटी एकट्या उजनीच्या जलपर्यटनासाठी आहेत आणि बाकीचे कृषी पर्यटन, द्राक्षमळे आणि तीर्थक्षेत्रांसाठी. जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा विमानही सुरू झालं. थोडक्यात, बाहेरचे लोक आपल्याकडे फिरायला यावेत यासाठी पैसा आणि रस्ता दोन्ही तयार होतंय. मग रानात मुक्काम हा प्रकारही आज ना उद्या इथे येणारच.

येऊ दे की, मलाही हवाय. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. तो ऐकायला घाण वाटेल, पण या लेखात मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे. त्या पांढऱ्या घराच्या पोटात एक टाकी असते. ती भरली की कुठे रिकामी करायची?

रीलमध्ये न दिसणाऱ्या तीन टाक्या

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. आपल्याकडे असे ओढायचे ट्रेलर कमी आणि गाडी व घर एकत्र असलेल्या मोटार कॅराव्हॅन जास्त दिसतात. राज्याच्या धोरणात दोन्ही प्रकार आहेत. ट्रेलर घेतलात तर त्याचीही आरटीओकडे वेगळी नोंदणी लागते, नुसता मागे हुक लावून निघता येत नाही.

या घरात साधारण तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची. दुसरीत भांडी आणि हात धुतलेलं सांडपाणी जमा होतं. तिसरीत संडासचा मैला. विजेसाठी बॅटरी आणि छतावर सोलर पॅनल, स्वयंपाकाला छोटा गॅस सिलिंडर. झालं घर.

अमेरिकेत सरकारी जंगलांमध्ये अशा मुक्कामासाठी जागा ठरवून दिलेल्या असतात. त्यातल्या सगळ्यात साध्या प्रकाराला तिथे 'प्रिमिटिव्ह' म्हणतात. सपाट केलेली जागा, दगडांचं चुलीचं रिंगण आणि असलाच तर खड्ड्यावरचा एखादा संडास. नळ नाही, विजेचा बोर्ड नाही. एका जागी बहुतेक ठिकाणी सलग १४ दिवसांहून जास्त राहता येत नाही. उन्हाळ्यात आग लागण्याचा धोका वाढला की चूल पेटवायलाही बंदी येते. आणि सांडपाणी, मैला जमिनीवर सोडायचा नाही. टाक्या बंद ठेवून परत न्यायच्या आणि ठरलेल्या केंद्रावर रिकाम्या करायच्या. अशी केंद्रं महामार्गालगत, पेट्रोल पंपांजवळ, मोठ्या कॅम्पग्राउंडच्या दारात असतात.

रीलमध्ये हे केंद्र कधी दिसत नाही. जंगलातला तो निवांतपणा मात्र त्याच्याच जिवावर उभा असतो. तिथे जंगलात सोय नसते, कारण सोय जंगलाबाहेर केलेली असते. आपल्याकडे जंगलात नाही आणि बाहेरही नाही.

आमची ट्रॉली आणि शंभर लिटर पाणी

हे मला पुस्तकातून कळलं असं सांगितलं तर खोटं होईल. जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही पाच जण माढा तालुक्यातल्या एका मैत्रिणीच्या शेतात दोन दिवसांसाठी गेलो होतो. ट्रेलर कुठून आणणार? तिच्या वडिलांची ट्रॅक्टरची ट्रॉली होती. त्यात गवताचा थर, वर सतरंज्या, बांबू उभे करून त्यावर ताडपत्री. दिसायला रीलसारखं अजिबात नव्हतं, पण चाकं होती, छप्पर होतं आणि घरापासून लांब होतं. घरच्यांची अट एकच होती, मैत्रिणीच्या आत्या सोबत असतील तरच. त्या आल्या, आणि त्या आल्या म्हणूनच सगळं निभावलं.

पाण्याचे वीस लिटरचे पाच जार घेतले होते. शंभर लिटर. पाच जणांना दोन दिवस पुरून उरेल अशी खात्री होती. आत्यांनी जार बघून विचारलं, "बाकीचं कुठाय?" तर आम्हीच हसलो. संध्याकाळी हुरडा झाला, रात्री रस्सा झाला. तेलकट पातेलं घासायला एक अख्खा जार गेला. एकाने पाय धुतले, दुसऱ्याने त्याचं बघून आंघोळीइतकं पाणी घेतलं. मी म्हटलं, जरा बेताने. तर उत्तर आलं, "पाणी काय मोजालीस बे!" रविवारी सकाळी उठलो तेव्हा पाचवा जार तळाला होता आणि सगळ्यांना एकदमच डबा घेऊन जायचं होतं.

अर्ध्या किलोमीटरवर एक वस्ती होती. तिथल्या काकूंनी दोन कळशा पाणी दिलं, वर चहाही दिला. निघताना त्या म्हणाल्या, "पाणी न्या की, पाण्याला कशाला नाही म्हणू. फक्त ते खरकटं ओढ्यात सांडू नका. खालच्या डोहावर आमची गुरं पाणी पित्यात."

आम्ही आदल्या रात्री सगळं खरकटं पाणी ओढ्यातच ओतलं होतं. कुणी काही बोललं नाही. मलाही त्यांना ते सांगायचा धीर झाला नाही.

आता हिशेब करू

सोमवारी कॉलेजात बसून आम्ही वहीवर आकडे मांडले. तुम्हीही मांडून बघा. रानात आंघोळ करायचीच नाही असं ठरवलं तरी एका माणसाला दिवसाला पिण्यासाठी चार लिटर, स्वयंपाकाला तीन, भांड्यांना चार, हात-तोंड धुवायला तीन आणि संडाससाठी सहा लिटर धरा. झाले वीस. शहरातल्या माणसासाठी सरकारी नियोजनात दिवसाला १३५ लिटर धरतात आणि जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी ५५. म्हणजे वीस लिटर ही काटकसरच आहे.

पाच जण, दोन दिवस, रोज वीस लिटर. दोनशे लिटर. आम्ही नेलं होतं निम्मं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणजे दोनशे किलो. गाडीत तीन मोठी माणसं जास्तीची बसवल्यासारखं. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला, तिच्या ब्रेकला आणि घाटातल्या उताराला हे वजन कळतं.

आता उलटा हिशेब. भांडी आणि हात-तोंड मिळून माणशी सात लिटर सांडपाणी रोज. पाच जणांचं दोन दिवसांचं ७० लिटर. संडासचं माणशी सहा लिटर, म्हणजे ६० लिटर. एकूण १३० लिटर घाण पाणी. तुम्ही खरंच ऑफ-ग्रिड गेला असाल तर हे १३० लिटर तुमच्यासोबत परत यायला हवं. आमच्यासोबत एक थेंबही आला नव्हता.

विजेचंही तसंच. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-अवर. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिचं आयुष्य राखण्यासाठी निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. पाच वॅटचे तीन दिवे पाच तास लावले तर ७५. चार फोन चार्ज केले तर साधारण ६०. वीस वॅटचा छोटा पंखा आठ तास चालवला तर १६०. सगळं मिळून तीनशेच्या आत. सोलापूरच्या उन्हात २०० वॅटचं पॅनल दिवसभरात एवढं सहज भरून देतं. उन्हाच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. पण एसी लावायचा म्हटलात तर हीच बॅटरी तासभरही टिकणार नाही. म्हणून मार्च ते मे आपल्याकडे हा उद्योग करायचाच नाही. पत्र्याच्या डब्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत झोपणं म्हणजे कॅम्पिंग होत नाही.

थंडीत मात्र उलटा धोका. बंद ट्रेलरमध्ये किंवा तंबूत कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी ऊब येण्यासाठी पेटवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. हे रीलमध्ये कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगितलं.

आणि एक गोष्ट मुलींसाठी, आणि ग्रुपमधल्या मुलांनीही वाचावी अशी. 'प्रिमिटिव्ह' या शब्दाचा मुलींसाठीचा अर्थ म्हणजे दार नसणं. आमच्या त्या दोन दिवसांत आम्ही तिघी मुली पाणी कमी पीत होतो, हे मुलांना घरी आल्यावर कळलं. ट्रेलरची खरी चैन त्याच्या बेडमध्ये नाही, कडी लागणाऱ्या संडासात आहे. ती कडी असेल तर मुलींना घरून परवानगी मिळणंही जरा सोपं जातं. म्हणजे ती तिसरी टाकी कोण रानात जाऊ शकतं आणि कोण नाही, हेही ठरवते.

माळ मोकळा दिसतो, म्हणून मोकळा नसतो

जागेचा प्रश्न राहिलाच. सोलापूरला घनदाट जंगल नाही. आपलं जंगल म्हणजे माळ. कुसळी गवत, तरवड, हिवर, बाभळी आणि वर मोठं आभाळ. शहरापासून बार्शी रोडने साधारण वीस किलोमीटरवर नान्नज आहे. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं, तेव्हा सोलापूर आणि नगर जिल्हे मिळून त्याचं क्षेत्र तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. त्यात गावं, शेतं, शहरंसुद्धा आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोक वैतागले आणि पुढे ते कमी करून साधारण १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक आता इथे दिसणं जवळजवळ थांबलंय. पण काळवीट आहेत, लांडगे आहेत. नान्नजच्या लांडग्यांवर तर पीएचडी झालेली आहे.

या अभयारण्यात तंबू किंवा ट्रेलर घेऊन मुक्कामाला जाता येईल का? नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते आणि आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे. माळावरचे बरेच पक्षी झाडावर घरटं करत नाहीत, उघड्या जमिनीवर अंडी घालतात. माळढोक तर बहुतेक वेळा एकच अंडं घालतो. तुम्हाला जो सपाट, गवताळ तुकडा ट्रेलर लावायला झकास वाटतो, तोच त्यांना अंडी घालायला झकास वाटतो. आणि आपला कॅम्पिंगचा सीझन, डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे गवत वाळून कोळ झालेलं असतं. शेकोटीची एक ठिणगी पुरे.

तरी माळाविषयी आपल्या डोक्यात एक शब्द बसलाय, पडीक. सरकारी नकाशांतसुद्धा अशा झुडपी माळांची गणती 'वेस्टलँड'मध्ये होते. पडीक म्हटलं की कुणी कचरा टाकतं, कुणी प्लॉट पाडतं आणि आता कुणी ट्रेलर लावेल. पण त्या माळावर मेंढपाळ मेंढरं घेऊन येतात, वस्तीवरची गुरं चरतात. कागदावर पडीक असलेल्या जागेवर कुणाचं तरी रोजचं जगणं चालू असतं.

पुणे जिल्ह्यात वनखात्याने इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळला २०२४ मध्ये गवताळ सफारी सुरू केली. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, सोबत स्थानिक गाइड. सकाळी जायचं, बघायचं, परत यायचं. आपल्या माळासाठी हा मार्ग मला जास्त पटतो. बघायला माळावर जा, झोपायला माळाबाहेर या.

उजनीचा काठ आणि आपला नळ

आता उजनी. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. भिगवणच्या बाजूला फ्लेमिंगो येतात, म्हणून फोटोग्राफर येतात, म्हणून हॉटेलं येतात. काठावर मुक्काम ही कल्पना छानच आहे. मावळातल्या पवना धरणाच्या काठी काय झालं ते तुम्ही पाहिलंय, वीकेंडला तंबूंच्या रांगा, स्पीकर आणि सोमवारी उरलेला कचरा.

उजनीत आणि पवनेत आपल्यासाठी एक फरक आहे. उजनीचं पाणी आपण पितो. तिथून शंभरेक किलोमीटरच्या पाइपलाइनने ते सोलापुरात येतं. त्या धरणात आधीच पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांवाटे येतंय, म्हणून आपण वर्षानुवर्षं ओरडतोय. उद्या काठावर पन्नास ट्रेलर उभे राहिले आणि प्रत्येकाने दोन दिवसांचं आपलं १३० लिटर काठावरच सोडलं, तर एका वीकेंडचे साडेसहा हजार लिटर होतील. पुण्याच्या सांडपाण्यापुढे हा आकडा किरकोळ आहे, मान्य. पण पुण्याला बोलायचा आपला हक्क त्या दिवशी संपेल.

काठ मोकळाही नसतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर लोक पिकं घेतात. मच्छीमारांच्या जाळ्या तिथेच वाळतात. या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, ती माणसंही आजूबाजूलाच राहतात. त्यांच्या दारात जाऊन आपण 'निर्मनुष्य ठिकाण' असं कॅप्शन टाकतो.

राज्याचं कॅराव्हॅन धोरण या बाबतीत कागदावर बरंच शहाणं आहे. कॅराव्हॅन कुठेही लावू नका, पार्क करा, तिथे पाणी, वीज, रस्ता, सांडपाण्याची व्यवस्था असावी, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी असावी, अशी त्याची मांडणी आहे. गुंतवणूक करणाऱ्याला करांत सवलतीही आहेत. माझा मुद्दा एवढाच की जलपर्यटनासाठी १९० कोटी खर्च होताना बोटी, जेट्टी आणि व्ह्यू पॉइंट सगळ्यांना दिसतात. मैला रिकामा करायचं केंद्र कुणाला दिसत नाही, त्याचं उद्‌घाटनही कुणी करत नाही. म्हणून ते आधी मागावं लागतं. पहिला ट्रेलर उजनीवर यायच्या आधी.

हे आपल्याला जमतं, पालखीत जमलंय

कुणी म्हणेल, आपल्याकडे असल्या सोयी होत नसतात. पण रानात मुक्काम करायचा आपला अनुभव अमेरिकेपेक्षा जुना आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यात संपतो, पंढरपुरात. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. माउलींच्या पालखीचे हे मुक्काम बघा. दिंडीचा ट्रक म्हणजे चालतं घर. त्यात राहुट्या, शिधा, भांडी, गॅस. मागे पाण्याचा टँकर. एका रात्रीसाठी गावाबाहेर अख्खं शहर उभं राहतं आणि पहाटे उठून जातं.

पूर्वी त्या शहराच्या मागे जे उरायचं, त्याचा त्रास गावाला पुढे कित्येक दिवस व्हायचा. २०१५ पासून 'निर्मल वारी' सुरू झाली, मुक्कामाच्या गावांत हजारांच्या संख्येने फिरते संडास लागायला लागले. मैला टँकरने उचलून नेला जातो. एनएसएसची मुलंमुली पहाटे उठून वारकऱ्यांना 'माउली, इकडे' म्हणत रस्ता दाखवतात. तुमच्यापैकी काही जण गेलेही असतील. एवढ्या मोठ्या गर्दीसाठी हे करता येतं, तर पन्नास ट्रेलरसाठी का नाही?

आणि याच जिल्ह्यात दुसरं एक ऑफ-ग्रिड जगणं आहे, ज्याची रील होत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगार येतात. टायर बैलगाडी किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, संसार घेऊन. कारखान्याच्या आवारात नाहीतर फडाच्या कडेला पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या पडतात. वीज नाही, नळ नाही, बहुतेक ठिकाणी संडास नाही. दोन दिवस नाही, पाच-सहा महिने. त्या बायका पाणी कमी पितात ते आमच्यासारखं एका वीकेंडपुरतं नाही. आम्ही ज्या ट्रॉलीत मजेसाठी झोपलो, तसल्याच ट्रॉलीत कुणाचं तरी बाळ वाढतं.

हे वाचून तुम्ही कॅम्पिंगला जाऊ नये, असं मला म्हणायचं नाही. उद्या पर्यटकांसाठी फिरते संडास आणि मैला केंद्र उभं राहिलं, तर तेच कोप्यांसाठीही का उभं राहू शकत नाही, हा प्रश्न आपण बातमीदार म्हणून, मतदार म्हणून विचारू शकतो. एकदा यंत्रणा आली की ती फक्त पांढऱ्या ट्रेलरपुरती ठेवायची कारणं द्यावी लागतील.

मग जायचं कुठे आणि कसं?

माझ्या मते सोलापुरात आज सगळ्यात चांगलं कॅम्पग्राउंड म्हणजे शेत. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात अगदी एक एकर जमीन असलेला शेतकरीही केंद्र नोंदवू शकतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हुरड्याला पुण्याहून गाड्या येतात. शेतकऱ्याकडे विहीर आहे, राखण आहे, रस्ता आहे. त्याच्याकडे दोन पक्के संडास आणि एक बंदिस्त शोषखड्डा असला, तर तुमचा तंबू, ट्रॉली किंवा उद्याचा ट्रेलर तिथे सुखाने लागेल. पैसे त्याच्या खिशात जातील आणि खरकटं ओढ्यात जाणार नाही. अभयारण्याला हात लागणार नाही, उजनीलाही.

जाणार असाल तर आमच्या फसलेल्या ट्रिपमधून एवढं घ्या. माणशी रोज वीस लिटर पाणी मोजून न्या. तेलकट भांडी आधी राखेने किंवा कागदाने पुसा, मग धुवा, पाणी निम्मं लागतं. खरकटं पाणी ओढा-विहिरीपासून किमान साठ मीटर लांब, मोकळ्या जमिनीवर पसरून टाका. संडास नसेल तर तितक्याच अंतरावर वीतभर खोल खड्डा करा आणि मातीने बुजवा, खोरं सोबत ठेवा. पॅड, प्लास्टिक, सिगारेटची थोटकं पिशवीत भरून घरी आणा. शेकोटी मालकाला विचारूनच, गवत साफ करून, आणि झोपायच्या आधी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत विझवा. मुलींसाठी आडोसा आधी उभा करा, तंबू नंतर.

पाणी मोजायचं आपल्याला कुणी शिकवायची गरज खरं तर नाही. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येणाऱ्या शहरात आपण मोठे झालो. घरात बॅरल कधी भरायचा, कुठल्या बादलीतलं पाणी कशाला, हे आईला पाठ असतं. मग रानात गेल्यावरच आपल्याला पाणी फुकट कसं वाटतं?

पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा त्याच शेतात जाणार आहोत. या वेळी दहा जार, दोन रिकामे ड्रम आणि एक खोरं घेऊन. ते ड्रम भरले की रिकामे कुठे करायचे, याची चौकशी मी आतापासून सुरू केलीय. सध्या तरी उत्तर एकच सापडलंय, आपल्या घरचा संडास. म्हणजे ते भरलेले ड्रम ट्रॉलीतून घरी आणायचे. वडिलांना हे कसं सांगायचं, त्यावर मैत्रीण विचार करतेय.

ओढ्यापलीकडच्या त्या काकूंकडे आधी जायचंय. गेल्या वेळी जे सांगायचं राहिलं, ते सांगायचंय.